डोलकाठीच्या टोकाला भोपळा

आमच्या मिरजेत वाळलेला भोपळा मिळणं अवघड नाही. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत ते छतापर्यंत रचून ठेवलेले असतात. पण तंबोरा करायचा नसताना भोपळा मागायला गेलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन.

"कशासाठी हवाय?" कारागिरानं विचारलं.

"होडीसाठी."

त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. "होडीला तारा किती?" एवढंच विचारलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. माझी थोरली बहीण सुनंदाताई लग्न होऊन भोपाळला गेली, त्याला अडतीस वर्षं झाली. भाऊजी तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर त्यांनी तिथेच अवधपुरीत घर बांधलं. गल्लीतले बाकीचे निवृत्त लोक सकाळी फिरायला जातात, गच्चीत टोमॅटो लावतात. भाऊजींनी एक जुनी शिडाची होडी घेतली आणि बड्या तलावात ती चालवायला शिकले. दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. मग गेल्या हिवाळ्यात एका दुपारी होडी कलंडली. नुसती कलंडली नाही, पूर्ण उलटी झाली. डोलकाठी खाली चिखलात रुतली, होडीचं पोट वर आलं आणि त्या पोटावर भाऊजी दोन तास बसून राहिले. शेवटी कोणीतरी मोटारबोट घेऊन गेलं.

ताईला हे कळलं ते एका व्हिडिओवरून. शेजारच्या बाईंनी दाखवला. किनाऱ्यावरून कोणीतरी काढलेला. त्यात भाऊजी शांतपणे मांडी घालून बसले होते आणि मागून कोणाचा तरी आवाज येत होता, "को खाँ, ये बाबा साधना कर रिये हैं क्या?"

त्यानंतर ताईनं अट घातली. होडी पुन्हा पाण्यात जायची असेल, तर माझ्या डोळ्यांसमोर ती मुद्दाम पाडायची आणि बाहेरच्या कोणाच्याही मदतीशिवाय सरळ करून दाखवायची. जमलं तर ठेवा. नाही जमलं तर होडी जाईल.

त्या आठवड्यात मला दोन फोन आले. पहिला ताईचा. "तू ये. पंच म्हणून. मला माझ्या बाजूचं कोणीतरी पाहिजे इथे." दुसरा भाऊजींचा, हळू आवाजात, बहुधा गच्चीवरून. "वीणा, येताना एक वाळलेला भोपळा आण. मध्यम आकाराचा. आणि तुला अजून पोहता येतं ना?"

कारागिरानं मग एक भोपळा काढून दिला. देठाजवळ बारीक चीर होती म्हणून वाद्याला चालत नव्हता. त्यानं ती लाखेनं बुजवून दिली. मी तो मांडीवर घेऊन भोपाळपर्यंत गेले. डब्यातल्या एका आजोबांनी दौंडनंतर मला काहीतरी गाऊन दाखवायची विनंती केली, ती मी नाकारली, आणि ते इटारसीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

अवधपुरी

ताईचं घर नीटनेटकं आहे, पण त्या दिवशी दारातून आत जाताना वाकावं लागलं. सहा मीटरची अॅल्युमिनियमची डोलकाठी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुरू होऊन दिवाणखान्यातून पुढच्या व्हरांड्यापर्यंत आली होती. ताई तिच्याखालून पदर सावरत सवयीनं ये-जा करत होती.

"पंधरा दिवस झाले," ताई म्हणाली. "परवा लाइट बिलवाला आला, त्यानं तिच्यावर कोपर टेकवून बिल लिहिलं."

ताईचं मराठी ऐकलं की मला गंमत वाटते. वाक्य मिरजेचं असतं आणि मध्येच एखादा शब्द भोपाळचा. दुधीला ती लौकी म्हणते, कंटाळा आला की "दिमाग नको खाऊ" म्हणते. सकाळी पोहे दिले, त्यावर शेव, बडीशेप आणि जिरावन नावाचा एक मसाला, शेजारी गरम जिलेबी. मिरजेत पोह्यांबरोबर जिलेबी दिली तर लोक विचारतील की घरात साखरपुडा आहे का. मी तीन जिलेब्या खाल्ल्या. ताईनं माझ्याकडे पाहिलं. माझं वजन एकोणऐंशी किलो आहे, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे ते कामाला येतं. भाऊजी बावन्न किलो.

जेवणानंतर भाऊजींनी मला शास्त्र समजावलं. परातीत पाणी घेतलं. त्यात ताईची प्लॅस्टिकची साबणाची डबी तरंगत सोडली. डबीत एक स्टीलचा चमचा उभा चिकटवलेला होता.

"ही होडी, ही डोलकाठी. आता वारा आला." त्यांनी डबीला बोटानं ढकललं. डबी आडवी झाली, चमचा पाण्यावर टेकला, क्षणभर थांबला आणि खाली गेला. जाता जाता त्यानं डबीही उलटी केली.

"पाहिलंस? होडी आडवी पडली तर काहीच बिघडत नाही. दोन माणसं ती उठवू शकतात. पण डोलकाठी पोकळ असते, तिला दोऱ्यांसाठी भोकं असतात. भोकांतून पाणी शिरतं, ती जड होते, बुडते, आणि होडीला उलटी करून टाकते. एकदा उलटी झाली की मग दोन तास बसा."

मग त्यांनी चमच्याच्या टोकाला होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली बांधली आणि पुन्हा ढकललं. डबी आडवी झाली. बाटली पाण्यावर तरंगत राहिली, चमचा तिच्या आधारानं वर राहिला, डबी कुशीवर पडून राहिली. कितीही वेळ पाहिलं तरी उलटेना.

"म्हणजे भोपळा टोकाला," मी म्हटलं.

"टोकालाच. जितका लांब तितका त्याचा जोर जास्त. हलका, गोल, वाऱ्याला न अडणारा. लहानपणी तू विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलीस, हे तूच सांगितलं होतंस. मी प्लॅस्टिकचा डबा बांधून पाहिला, त्याचा कान तुटला."

"तीस वर्षं कारखान्यात टर्बाइनवर काम केलं," ताई आतून म्हणाली. "आणि आता भोपळा. माझी डबी मला परत पाहिजे."

संध्याकाळपर्यंत भाऊजींनी डोलकाठीची भोकं बुजवली, आत थर्माकोल ठासला, भोपळ्याला वॉर्निश लावलं. मी ब्रश धरला होता. ताईनं ते पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "तू पंच आहेस ना?"

मग भाऊजींनी खाली बघत सांगून टाकलं. होडी उठवायला दोन माणसं लागतात. त्यांच्या नेहमीच्या सोबत्याची पाठ धरली होती. दुसरी पोहणारी व्यक्ती त्यांच्या माहितीत नव्हती. मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "बरं झालं. दोघंही एकदमच पडा."

बडा तलाव, परीक्षेचा दिवस

मिरजेच्या माणसाला तलाव म्हटलं की गणेश तलाव आठवतो. काठावर उभं राहिलं की पलीकडच्या माणसाचा शर्ट ओळखता येतो. इथे पलीकडचा काठ म्हणजे एक करडी रेघ. पाणकावळे खांबांवर पंख वाळत घालून बसले होते. वारा गार होता आणि पाणी त्याहून गार.

आमची परीक्षा घेणार होती रुखसाना. वय असेल पंचविशीचं, उंची माझ्या खांद्याएवढी, गळ्यात शिट्टी. तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली मुलगी, आता मोठ्या माणसांना शिडाची होडी शिकवते. काठावर तिचा नियम असा की होडी उलटवून सरळ करून दाखवल्याशिवाय कोणाला एकटं सोडायचं नाही. भाऊजींना तिनं सुरुवातीला तसंच सोडलं होतं आणि त्या दोन तासांनंतर स्वतःलाही बोल लावला होता, हे मला नंतर समजलं.

"आंटी, तैरना आता है?"

"कुएँ में सीखा है," मी म्हटलं.

"कुएँ में हवा नहीं चलती," ती म्हणाली, आणि माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे इतके आवळले की जिलेब्या आठवल्या.

ताईलाही जॅकेट घालून मोटारबोटीत बसवलं. तिला पोहता येत नाही. ती दोन्ही हातांनी कडा धरून, पर्स मांडीवर घेऊन, पाठ ताठ करून बसली.

आम्ही निघालो. डोलकाठीच्या टोकावर भोपळा वॉर्निशनं चमकत होता. किनाऱ्यावर लोकांनी फोन बाहेर काढले. भाऊजींनी सुकाणू धरलं, मी पुढे बसले, शीड फुगलं. सांगायला लाज वाटते, पण पहिली पाच मिनिटं मी आपण कशासाठी आलो आहोत हे विसरून गेले. इंजिनाचा आवाज नाही, नुसतं पाणी तळाला घासल्याचा आवाज, आणि होडी एका बाजूला झुकून चाललेली. भाऊजींचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. कोणी काही विचारत नाहीये आणि आपल्याला सगळं येतंय, असा.

रुखसानानं शिट्टी वाजवली. पाडा.

आणि होडी पडेना. वारा नेमका पडला. आम्ही दोघंही एका बाजूला सरकलो, होडी थोडी वाकली आणि थांबली. "लटक जाओ," रुखसाना ओरडली. आम्ही कडेला लोंबकळलो. शेजारून पायडल मारत एक कुटुंब चाललं होतं. त्यातल्या गृहस्थांनी काळजीनं विचारलं, "अंकल, मदद चाहिए?"

"नहीं भैया," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "हम गिरा रहे हैं।"

त्या गृहस्थांनी पायडलचा वेग वाढवला.

मग एक झुळूक आली आणि काम झालं. मला आठवतं ते एवढंच, की आकाश आडवं झालं, शीड थप्पकन पाण्यावर पडलं आणि मी गार पाण्यात नाकापर्यंत गेले. वर आले तेव्हा पहिल्यांदा डोलकाठीच्या टोकाकडे पाहिलं. भोपळा अर्धा पाण्यात, अर्धा वर, डुलत होता. डोलकाठी पाण्यावर सपाट पडली होती. होडी कुशीवर, परातीतल्या डबीसारखी, स्थिर.

"तरंगतोय," भाऊजी म्हणाले. पाण्यात फक्त डोकं बाहेर असलेल्या माणसाच्या आवाजात इतका आनंद मी कधी ऐकलेला नाही.

आता उठवायचं. होडीच्या तळातून एक फळी खाली पाण्यात जाते. होडी आडवी पडली की ती फळी बाहेर आडवी येते. त्यावर एकानं चढायचं, दोरी धरून मागे झुकायचं. त्याच्या वजनानं होडी उठते. दुसऱ्यानं आतल्या बाजूला राहायचं, म्हणजे उठताना होडी त्याला आपोआप आत घेते. ठरल्याप्रमाणे भाऊजी फळीवर चढले. उभे राहिले. दोरी धरून मागे झुकले. काही झालं नाही. आणखी झुकले. होडीनं त्यांची दखलच घेतली नाही. शिडावर पाणी साचलेलं होतं, ते काही बावन्न किलोला हलणार नव्हतं. त्यांनी फळीवर दोन उड्याही मारल्या.

मी वळसा घालून त्यांच्या बाजूला पोहत गेले. "भाऊजी, उतरा."

अडतीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हुकूम केला होता. ते उतरले आणि निमूटपणे दुसऱ्या बाजूला गेले.

फळीवर चढायला मला तीन प्रयत्न लागले. पहिल्या दोन प्रयत्नांचं वर्णन करत नाही, त्यांचे व्हिडिओ आहेत. तिसऱ्यांदा मी पोटावर पडून वर सरकले, गुडघे टेकले, उभी राहिले, दोरी धरली आणि मागे झुकले. आधी काहीच नाही. मग टोकाकडून भोपळा पाण्याबाहेर आला, पाणवनस्पतीची एक लांब वेल गळ्यात घेऊन. मग शीड पाणी गाळत वर आलं. आणि मग इतक्या दिवसांच्या माझ्या वजनाचा कोणालातरी उपयोग झाला: होडी झपकन सरळ उभी राहिली.

मी मागच्या मागे पाण्यात पडले. भाऊजी आत गेले. तेवढ्यात वारा आला. शिडाची दोरी मोकळी सोडायची असते, ती भाऊजींनी सवयीनं खाचेत अडकवून ठेवली होती. शीड फुगलं आणि होडी निघाली. तिच्यात गुडघाभर पाणी आणि त्या पाण्यात उताणे पडलेले भाऊजी, दोन्ही पाय वर. मी हात हलवला. होडी लांब गेली.

मोटारबोटीत ताई उभी राहिली होती. पोहता न येणारी, कडा न सोडणारी ताई, पर्स खाली टाकून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती, "अहो, दोरी! दोरी सोडा! खाचेतून काढा!" तिनं पंधरा दिवस ते शास्त्र ऐकलं होतं, साबणाच्या डबीसकट. भाऊजींनी दोरी सोडली. शीड फडफडलं, होडी थांबली.

निकाल

मला मोटारबोटीत ओढून घेतलं. भाऊजी होडी घेऊन आमच्याजवळ आले. बादलीनं पाणी उपसत होते आणि वर बघत नव्हते.

"फेल," रुखसाना म्हणाली. "आप तो निकल लिए, अंकल. आंटी को पानी में छोड़ के."

भाऊजींनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं, घालतील. बादली खाली ठेवून ते ताईला म्हणाले, "ठीक आहे, सुनंदा. माझं चुकलं. देऊन टाकू." आणि ओल्या बाहीनं चष्मा पुसत बसले. त्यामुळे तो आणखी ओला झाला.

मी ताईकडे पाहिलं. तिला हवं होतं ते झालं होतं. तिनं पर्स उचलली, तिच्यातून रुमाल काढला, होडी जवळ ओढून घेतली आणि त्यांच्या हातातला चष्मा घेऊन पुसून परत दिला.

"माझी अट काय होती?" ती म्हणाली. "होडी सरळ करायची. झाली. वीणाला परत आणायचं, असं मी म्हटलं नव्हतं."

"ताई, मी इथेच बसले आहे," मी म्हटलं.

"तू गप्प. तुला पोहता येतं."

रुखसानाला मराठी येत नव्हतं, पण मामला तिला कळला. ती म्हणाली की घरच्या अटीचं आंटींनी बघावं, तिची अट वेगळी आहे, आणि दोघंही होडीत बसून परत येईपर्यंत ती पास करणार नाही. "दोबारा."

दुसऱ्यांदा आम्ही पडलो तेव्हा भाऊजींनी सगळ्यात आधी दोरी सोडली आणि मला ती दाखवली. मी दोन प्रयत्नांत फळीवर चढले. होडी उठली, शीड मोकळं फडफडत राहिलं, होडी जागची हलली नाही. भाऊजींनी मला जॅकेटला धरून आत ओढलं. एकोणऐंशी किलो. त्यांचा चेहरा जांभळा झाला, पण सोडलं नाही. आत पडले तेव्हा मी त्यांच्या पायावर पडले आणि आम्ही दोघंही उगाचच हसत सुटलो. रुखसानानं शिट्टी वाजवली. या वेळी तिनं पहिल्यांदा हसून मान हलवली.

काठावर तिनं आम्हाला चहा पाजला. भोपाळमध्ये एक चहा मिठाचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पहिला घोट घेतला आणि मला वाटलं तलावाचं पाणी अजून तोंडात आहे. दुसरा घोट बरा लागला. तिसऱ्याला मी दुसरा कप मागितला.

भाऊजी शीड गुंडाळायला गेले, तेव्हा ताई माझ्याशेजारी बसली. खूप वेळ कप हातात फिरवत होती.

"तुला वाटतं मी ते बुडतील म्हणून घाबरते," ती म्हणाली. "जॅकेट असतं गं. बुडणार नाहीत, ते मलाही कळतं. त्या दिवशी मी करोंदच्या मंडीत गहू बघत होते. दोन तास. भाव काढत फिरत होते. आणि हे तिकडे थंडीत बसले होते. त्यांचा फोन पाण्यात गेलेला. सगळ्या काठानं त्यांना पाहिलं, फोटो काढले, आणि मला एकानंही कळवलं नाही. कळवणार कसं? कोणाचा कोण माणूस, कोणाला ठाऊक?"

मी तिच्या कपातला गार चहा ओतून तिला नवा आणून दिला.

निघायच्या दिवशी

माझी गाडी दुपारी होती. सकाळी ताई म्हणाली, आधी तलावावर जाऊ. मला वाटलं निरोपाचे फोटो काढायचे असतील. तिच्या पिशवीत फाटकाच्या हिरव्या रंगाचा अर्धा डबा आणि ब्रश होता.

होडी काठावर उपडी ठेवलेली होती. ताईनं चपला काढल्या, साडी खोचली आणि होडीच्या पोटावर, बरोबर मध्यभागी, हातभर उंचीचे आकडे काढायला सुरुवात केली. तिचा फोन नंबर. खाली 'सुनंदा' असं लिहिलं, देवनागरीत, आणि शेजारी बारीक अक्षरात 'घर'.

भाऊजी थोडा वेळ कौतुकानं पाहत राहिले. मग त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला.

"अगं, पण ही खालची बाजू आहे. ही कायम पाण्यात असते. इथे लिहून कोणाला दिसणार?"

ताईनं शेवटच्या आकड्याची शेपूट नीट ओढली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि ब्रश त्यांच्या हातात दिला.

"जेव्हा दिसायला पाहिजे तेव्हा दिसेल," ती म्हणाली. "दुसरा हात तुम्ही मारा."